वसतिगृहातला स्वरवेडा

पोटभर जेवण नाही, थंडीत शेकोटी नाही, लिहायला कागदही नाही. तरीही व्हिएन्नाच्या एका वसतिगृहात काढलेल्या पाच वर्षांनी फ्रान्झ शुबर्टला जन्मभराचे संगीत दिले आणि जन्मभराचे मित्रही.

घरापासून दूर राहणाऱ्या मुलाच्या पत्रात काय असणार, हे घरच्यांना पाकीट फोडण्याआधीच ठाऊक असते. ख्यालीखुशाली दोन ओळींत, अभ्यासाचे एका ओळीत आणि उरलेल्या पानभर मुद्द्याची गोष्ट : पैसे पाठवा!

२४ नोव्हेंबर १८१२ रोजी व्हिएन्नातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या भावाला असेच पत्र लिहिले. दुपारचे जेवण बेताचे आणि रात्रीचे त्याहून वाईट, आणि या दोन जेवणांच्या मध्ये तब्बल साडेआठ तासांचे अंतर, हे गाऱ्हाणे त्याने मांडले. एखादा पाव आणि एक-दोन सफरचंदे मिळाली तरी दिवस निभावेल, पण वडिलांनी दिलेली चिल्लर पहिल्या काही दिवसांतच उडून गेली आहे, असे कबूल केले. तेव्हा महिन्याला दोन-चार क्रॉयत्सर (तिथली पैशासारखी नाणी) पाठवावेत, अशी विनंती केली. एवढ्यावर न थांबता त्याने बायबलमधली वचनेही पुराव्यादाखल जोडली. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक गरिबाला द्यावा, असे धर्मग्रंथच सांगतो, मग भावाने का देऊ नये? शेवटी सही करताना स्वतःला 'गरीब' म्हणवून घेतले, तेही एकदा नव्हे, दोनदा.

पत्र लिहिणारा हा खट्याळ, उपाशी मुलगा म्हणजे फ्रान्झ शुबर्ट. पुढे सहाशेहून अधिक गीतांना चाली देणारा, आणि अवघ्या एकतिसाव्या वर्षी जगाचा निरोप घेणारा पाश्चात्य संगीतातला थोर रचनाकार.

मास्तरांच्या घरचा मुलगा

फ्रान्झचा जन्म ३१ जानेवारी १७९७ चा. वडील फ्रान्झ थेओडोर हे व्हिएन्नाच्या तटाबाहेरच्या वस्तीत शाळा चालवणारे मास्तर. मिळकत बेताची, संसार मोठा. आई एलिझाबेथला चौदा मुले झाली, त्यांतली पाचच जगली. घरात पैसा नव्हता, पण गाणेबजावणे होते. वडिलांनी मुलाला व्हायोलिन शिकवले, थोरला भाऊ इग्नात्स याने पियानो. पुढे घरातच चौघांचे वादन रंगू लागले. दोघे भाऊ व्हायोलिनवर, फ्रान्झ व्हायोलावर आणि वडील चेलोवर.

१८०८ साली राजदरबाराच्या प्रार्थनागृहातील गायकवृंदात मुलांच्या जागा रिकाम्या झाल्या. निवड झालेल्या मुलाला दरबारी गायकवृंदात गायला मिळे, आणि त्या बदल्यात 'श्टाटकोन्विक्ट' या वसतिगृहात राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. पाच मुलांच्या बापाला याहून चांगली संधी कोणती?

सप्टेंबरच्या अखेरीस परीक्षा झाली. परीक्षकांत दरबारी संगीताचे प्रमुख अंतोनियो सालिएरी स्वतः होते. चष्मा लावलेला हा अकरा वर्षांचा बुटका मुलगा फिकट रंगाचा साधा कोट घालून आला होता. तो कोट पाहून बाकीची मुले 'पिठाच्या गिरणीवाल्याचा पोरगा आला' म्हणून हसली, असे सांगतात. तो गायला लागल्यावर मात्र हसणे थांबले. त्याची निवड झाली, आणि त्या साध्या कोटाच्या जागी अंगावर गणवेश आला. तिकोनी टोपी, चकचकीत बटणे आणि बकलांचे बूट!

शिस्त, थंडी आणि रोजची मैफल

श्टाटकोन्विक्टची इमारत जुन्या विद्यापीठाच्या चौकात होती आणि कारभार पिआरिस्ट या ख्रिस्ती संघाच्या धर्मगुरूंकडे होता. इथे केवळ गाणारी मुले नव्हती. लहान शाळकरी पोरांपासून विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या तरुणांपर्यंत सगळे एका छताखाली राहत. वेळापत्रक कडक. प्रार्थना, लॅटिन, गणित, पुन्हा प्रार्थना. ज्या खोलीत पियानो ठेवला होता ती हिवाळ्यातही तापवली जात नसे. व्हिएन्नाच्या थंडीत अशा खोलीत बसून बोटे चालवायची म्हणजे काय, याची कल्पनाच केलेली बरी.

पण या वसतिगृहाची एक गंमत होती. इथे विद्यार्थ्यांचाच वाद्यवृंद होता. दरबारातले ऑर्गनवादक व्हेन्झेल रुझिच्का त्याचे मार्गदर्शक होते. दिवसभराचा अभ्यास आटोपला की संध्याकाळी मुले वाद्ये घेऊन जमत. हायडन, मोझार्ट किंवा तरुण बेथोव्हेन यांची एखादी संपूर्ण सिम्फनी आणि वर दोन-एक दणदणीत सुरावटी वाजवल्याशिवाय दिवस संपत नसे. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत. मग खालच्या चौकात येणारे-जाणारे थबकत, आणि ऐकणाऱ्यांची इतकी गर्दी होई की वाट अडून जाई, अशी आठवण तिथल्या विद्यार्थ्यांनी नंतर लिहून ठेवली आहे.

आज एखादी सिम्फनी ऐकायची तर कळ दाबली की पुरते. त्या काळी ती ऐकायची तर कोणीतरी वाजवावी लागे. फ्रान्झला मात्र ती वर्षानुवर्षे, रोज संध्याकाळी, आतून ऐकायला मिळाली. शिवाय तंतुवाद्यांच्या तारा चढवणे, चरबीच्या मेणबत्त्या लावणे, प्रत्येक वादकासाठी स्वरलेखनाच्या प्रती उतरवणे ही हलकी समजली जाणारी कामेही त्याच्याकडे होती. मोठ्या कलावंताची रचना प्रत्येक वाद्यासाठी हाताने उतरवून काढली की तिचा सांगाडा कसा उभा आहे, हे आपोआप कळत जाते. कोणत्याही वर्गात हे इतके पक्के शिकवले गेले नसते.

मे १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजांनी व्हिएन्नावर तोफा डागल्या, तेव्हा एक गोळा थेट वसतिगृहाच्या इमारतीवर येऊन कोसळला. त्याच महिन्याच्या अखेरीस, शहर फ्रेंचांच्या ताब्यात असतानाच, म्हाताऱ्या हायडनने व्हिएन्नातच डोळे मिटले. मुले ज्याच्या सिम्फनी वाजवत होती, तो माणूस गेला होता. मैफल मात्र पुढे चालू राहिली.

मागच्या खुर्चीवरचा चष्मेवाला

वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनांच्या रांगेत पुढे बसणारा योसेफ फॉन श्पाउन हा लिन्त्स गावचा, कायद्याचा विद्यार्थी. वयाने फ्रान्झपेक्षा आठ वर्षांनी मोठा. आपल्या पाठीमागून कोणीतरी विलक्षण अचूक वाजवते आहे, हे त्याला जाणवले. वळून पाहिले तर चष्मा लावलेला एक चिमुरडा. वसतिगृहात मोठी मुले लहानांना राबवून घेतात हा सगळीकडचाच अनुभव, पण श्पाउनने या लहानग्याशी मैत्री केली.

एकदा संगीताच्या खोलीत फ्रान्झ एकटाच पियानोपाशी बसलेला श्पाउनला दिसला. बरेच आढेवेढे घेतल्यावर, लाजून लाल होत, त्याने आपली स्वतःची एक छोटी रचना वाजवून दाखवली. मनात येते ते चोरून लिहितो, पण वडिलांना हे कळता कामा नये, असेही सांगितले. मुलाने शिकून मास्तर व्हावे, संगीत फावल्या वेळात करावे, असे वडिलांचे मत होते. आणि खरी अडचण त्याहूनही साधी होती. रोज लिहावेसे वाटते, पण स्वरलेखनाचा कागद घ्यायला पैसे नाहीत. साध्या कागदावर पाच-पाच रेघा हाताने ओढत बसावे लागे.

श्पाउनने त्यावर उपदेश केला नाही. कौतुकाचे चार शब्द बोलून तो निघूनही गेला नाही. तो कागद आणून देऊ लागला, आणि ते कागद बघता बघता संपू लागले. पुढे श्पाउनने लिहिले आहे की या मुलाला कागद किती लागे याचा हिशेबच नव्हता. दस्तेच्या दस्ते फस्त होत.

त्या दस्त्यांवर काय उतरले? ८ एप्रिल ते १ मे १८१० या दिवसांत, वयाच्या तेराव्या वर्षी, एकाच पियानोवर दोघांनी मिळून वाजवायची एक लांबलचक 'फँटसी' लिहून झाली. एकाच पियानोपुढे दोन मित्रांनी खांद्याला खांदा लावून बसायचे आणि वाजवायचे, हा प्रकार वसतिगृहाला साजेसाच. ३० मार्च १८११ रोजी 'हागारचा विलाप' हे दीर्घ गीत त्याने रचले. वाळवंटात आपले मूल तहानेने मरताना पाहणाऱ्या आईचा तो आक्रोश. त्यानंतर घरच्या चौकडीसाठी एकामागून एक चतुर्वाद्य रचना झाल्या. वडिलांचा हात चेलोवर अडखळू नये याचीही त्यांत काळजी घेतलेली. ज्या वडिलांपासून रचना लपवायच्या, त्यांच्याच हातात सुट्टीच्या दिवशी त्या वाजवायला द्यायच्या!

फ्रान्झ लिहिताना कसा दिसे, हे त्याचा सोबती आल्बर्ट श्टाडलर याने टिपून ठेवले आहे. सुचण्यासाठी तो क्वचितच पियानोकडे जाई. टेबलाशी शांत बसायचा, लेखणीचे टोक चावायचा, बोटांनी मधूनच ठेका धरायचा, आणि फारशी खाडाखोड न करता लिहीत सुटायचा. भोवती मुलांचा गलबला चालू असला तरी त्याचे काही बिघडत नसे.

१८१२ : कसोटीचे वर्ष

२८ मे १८१२ रोजी आई गेली. फ्रान्झ तेव्हा पंधरा वर्षांचा होता. मुलगा अभ्यास सोडून स्वरांच्या नादी लागला म्हणून वडिलांनी मध्यंतरी त्याचे घरी येणेच बंद केले होते, आणि आईच्या मृत्यूनंतर बापलेकांचा समेट झाला, असेही आठवणींतून सांगितले जाते.

आई गेल्यावर तीनच आठवड्यांनी, १८ जूनला, सालिएरींकडे त्याचे रीतसर शिक्षण सुरू झाले. त्याआधी रुझिच्कांनी त्याला हार्मनीचे धडे द्यायला सुरुवात केली होती. पण या मुलाला सगळे आधीच येते, देवानेच त्याला शिकवून पाठवले आहे, अशा अर्थाचे बोलून त्यांनी हात टेकले होते. सालिएरी मोठे गुरू, आणि इटालियन वळणाचे. जर्मन कवितांना चाली देण्याचा शिष्याचा ओढा त्यांना फारसा पसंत नव्हता. शिष्याने गुरूकडून शास्त्र घेतले, पण कविता मात्र आपल्याच भाषेतल्या निवडल्या.

पुढच्याच महिन्यात दुसरा धक्का बसला. आवाज फुटला! गायकवृंदातल्या मुलाचा आवाज फुटणे म्हणजे नोकरीच जाणे. दरबारातल्या एका स्वरलिपीच्या कागदावर त्याने स्वतःच नोंद करून ठेवली आहे, की २६ जुलै १८१२ रोजी फ्रान्झ शुबर्ट शेवटचा 'आरवला'. पोरवयातला हा विनोद वाचून हसू येते. पण ज्या गळ्याच्या जोरावर छप्पर आणि जेवण मिळत होते, तो गळाच आता राहिला नव्हता.

नोव्हेंबरातले ते पाव-सफरचंदांचे पत्र या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचावे. सहा महिन्यांपूर्वी आई गेलेली, आवाज गेलेला, पोटात कावळे ओरडताहेत. तरी पत्रात रडगाणे नाही, थट्टा आहे. बायबलचे दाखले देऊन भावाकडून चार पैसे उकळण्याची खटपट आहे. वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही हा सूर ओळखीचा वाटेल. दुःख मित्रांच्या घोळक्यात बोलून दाखवायचे नसते, भूक मात्र बिनधास्त सांगायची असते.

पाचव्या मजल्यावरची जागा

शिक्षण संपवून नोकरीला लागलेला श्पाउन १८११ मध्ये व्हिएन्नाला परतला होता. आता तो आपल्या छोट्या मित्राला ऑपेरा पाहायला नेऊ लागला. जागा अर्थातच सर्वांत स्वस्त, अगदी वरच्या पाचव्या गॅलरीत. १८१३ च्या सुरुवातीला तिथून त्याने ग्लुकचा 'इफिगेनी' ऑपेरा ऐकला. आना मिल्डर आणि योहान मिखाएल फोगल या गायकांनी तो इतका भारावला की फोगलच्या पायावर लोटांगण घालावे असे त्याला वाटले.

खेळ संपल्यावर दोघे मित्र आणि थेओडोर कर्नर हा तरुण कवी एका खाणावळीत जेवायला बसले. शेजारच्या टेबलावर एक प्राध्यापक महाशय मिल्डरची टिंगल करत होते, ती कोंबड्यासारखी ओरडते म्हणून. नेहमीचा लाजाळू फ्रान्झ ताडकन उठला. त्याच्या धक्क्याने समोरचा पेला उलटला, शब्दाला शब्द वाढला आणि प्रकरण हातघाईवर येता येता टळले. त्याच संध्याकाळी कर्नरने त्याला सांगितले की कलेसाठीच जग. काही महिन्यांतच कर्नर युद्धात मारला गेला.

शिष्यवृत्ती की संगीत?

ऑक्टोबर १८१३ मध्ये प्रश्न ऐरणीवर आला. फ्रान्झला वसतिगृहात राहून शिक्षण पुरे करता यावे म्हणून एक शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली. मात्र घसरलेले गुण, विशेषतः गणिताचे, त्याने सुधारले पाहिजेत, ही अट होती. वर राजाज्ञेत हेही बजावले होते की गाणे आणि संगीत ही दुय्यम बाब आहे. मुख्य ते चांगले वर्तन आणि अभ्यास.

त्याच दिवसांत हा मुलगा काय करत होता? २८ ऑक्टोबर १८१३ रोजी त्याने आपली पहिली सिम्फनी लिहून पुरी केली. वय सोळा! रोज संध्याकाळी ज्या वाद्यवृंदात तो वाजवत आला, त्याचा आवाज कानात ठेवूनच ती लिहिली असावी, असे जाणकार मानतात.

त्याने शिष्यवृत्ती नाकारली आणि नोव्हेंबरात वसतिगृह सोडले. याचा अर्थ त्याने सगळे झुगारून दिले असा नाही. तो वडिलांच्या घरी परतला, शिक्षकांच्या प्रशिक्षण शाळेत गेला आणि पुढच्या वर्षी वडिलांच्याच शाळेत लहान मुलांना धुळाक्षरे शिकवू लागला. वडिलांनी एप्रिल १८१३ मध्ये दुसरे लग्न केले होते. ही सावत्र आई प्रेमळ निघाली. घरखर्चातून बाजूला टाकलेले पैसे ती फ्रान्झला अडीअडचणीला काढून देई, असे सांगतात. वर्ग संपला की तो लिहायला बसे. १९ ऑक्टोबर १८१४ रोजी, अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते तेव्हा, त्याने गटेच्या कवितेवरून 'चरख्यापाशी ग्रेशेन' हे गीत रचले. चाक फिरते आहे आणि सूत काततानाच मुलीचे मन विरहाने कासावीस झाले आहे, हे पियानोच्या अखंड घुमणाऱ्या सुरांतून ऐकू येते.

रविवारी पुन्हा तिथेच

वसतिगृह सुटले, पण मित्र सुटले नाहीत. रविवार आणि सुट्टीच्या दिवशी फ्रान्झ पुन्हा श्टाटकोन्विक्टमध्ये हजर होई. दुपारी तिथल्या मुलांना अर्धा तास प्रार्थनेला जावे लागे. तेवढ्या वेळात पाहुण्याने कंटाळू नये म्हणून मित्र काय करत? स्वरलेखनाच्या कागदाचे दोन-चार तुकडे आणि हाताला लागेल तो कवितासंग्रह पुढ्यात टाकून त्याला खोलीत कोंडून जात! परत येऊन कडी काढली की बहुधा काहीतरी नवीन तयार असे, आणि तो ते खुशाल मित्राला देऊन टाकी. श्टाडलरने अशा कित्येक गीतांच्या प्रती जपून ठेवल्या.

१८१५ मधली अशीच एक संध्याकाळ. श्पाउन भेटायला गेला तेव्हा फ्रान्झ हातात पुस्तक घेऊन गटेची 'एर्लक्योनिग' ही कविता मोठमोठ्याने वाचत येरझारा घालत होता. वादळी रात्र, घोड्यावर बाप, त्याच्या कुशीत तापाने फणफणलेला मुलगा, आणि त्या मुलाला बोलावणारा अदृश्य मृत्यू. तो एकाएकी बसला आणि बघता बघता गीत कागदावर उतरले. घरी पियानो नव्हता. मग सगळे धावत सुटले ते थेट वसतिगृहाकडे, आणि त्याच संध्याकाळी ते गीत तिथे गायले गेले. घाबरलेले मूल ओरडते तिथले कर्कश, एकमेकांना टक्कर देणारे स्वर काहींना खटकले. तेव्हा म्हाताऱ्या रुझिच्कांनी स्वतः पियानोवर बसून ते वाजवून दाखवले, आणि इथे असेच स्वर का हवेत ते मुलांना समजावून सांगितले.

हे गीत छापायला प्रकाशक तयार होईनात, तेव्हा मित्रांनीच पदरमोड केली. १८२१ मध्ये शुबर्टची पहिली प्रकाशित कृती म्हणून ते बाहेर आले. त्याच वर्षी ७ मार्चला व्हिएन्नाच्या रंगमंचावर ते गायला उभा राहिला योहान मिखाएल फोगल. आठ वर्षांपूर्वी पाचव्या गॅलरीतून एका शाळकरी मुलाने ज्याच्याकडे डोळे भरून पाहिले होते, तोच!

शुबर्ट १९ नोव्हेंबर १८२८ रोजी गेला. त्याच्याजवळ घर नव्हते, पैसाही नव्हता. त्याच्या बालपणाची हकीकत आज जगाला माहीत आहे ती बरीचशी या वसतिगृहातल्या मित्रांमुळे. १८५७-५८ च्या सुमारास, सगळे साठी-सत्तरीकडे झुकलेले असताना, त्यांनी त्या थंड खोलीच्या, उघड्या खिडक्यांच्या आणि चष्मेवाल्या फ्रान्झच्या आठवणी लिहून काढल्या. श्पाउनने त्यात कागदाची गोष्टही लिहिली. ते कागद आणून देताना आपण काय देतो आहोत, याची त्या वीस-बावीस वर्षांच्या तरुणाला तेव्हा कल्पनाही नसेल. एका लहान मुलाला काहीतरी लिहायचे आहे आणि त्याच्याकडे कागद नाही, एवढेच त्याने पाहिले होते.